धुतली बाजू

११ जानेवारी

चिरंजीव भाषणकार यांस ताईचे आशीर्वाद. तू मागितले नव्हतेस, पण पत्राच्या माथ्यावर काहीतरी लिहावं लागतं.

तुझं पत्र पोचलं. वर पक्षाची छापील खूण, खाली तुझी लफ्फेदार सही आणि मधे इतका ओलावा, की कागद दोरीवर वाळत घालावासा वाटला. ‘ज्या हातांनी मला घडवलं’, ‘त्या मातेचा घाम’. वाचताना मला आधी वाटलं, पाकीट शेजारच्यांचं चुकून आपल्याकडे आलं.

अरे, कॉलेजात असताना तू आईला नर्स करून टाकलं होतंस, ते विसरलास? तुझा तो खोलीतला मित्र पाय मोडून आमच्याच हॉस्पिटलात आला. चांगला मुलगा. कुबड्या घेऊन सगळ्या वॉर्डांतून तुझ्या आईला शोधत फिरला आणि शेवटी तळमजल्यावर लाँड्रीच्या दारात येऊन उभा राहिला. आई मळक्या चादरींची गाठोडी ओढत होती. त्यानं तुझं नाव घेऊन विचारलं, याची आई इथे नर्स आहे ना? आई म्हणाली, “तशी कुणी नर्स इथे नाही रे बाळा. दुसऱ्या हॉस्पिटलात असेल.” तुझी लाज राखली तिनं, आणि पुन्हा गाठोडं ओढायला लागली. मी शिवणखोलीच्या दारातून हे पाहिलंय. तेव्हा तुला सांगितलं नाही, कारण तू घरी येणंच बंद केलं होतंस.

तेव्हा नर्स, आता कष्टकरी. ही बढती की बदली ते तूच ठरव. ज्या मालाला उठाव तो तू पुढे मांडतोस. त्या काळी आईच्या कामाला गिऱ्हाईक नव्हतं, आता आलंय.

तुमचं ते वाक्य मी रोज कामावर जाताना भिंतीवर वाचते. ‘घाम गाळणाऱ्यांचं, घर सांभाळणाऱ्यांचं राज्य.’ वाक्य तुझंच असणार. पहिल्या अर्ध्यात वरच्या साहेबलोकांना चपराक, दुसऱ्या अर्ध्यात खालच्यांना. मधे उरतो तो प्रत्येक जण, कारण आपण घाम गाळत नाही असं कुणालाच वाटत नाही आणि आपलं घर विस्कटलंय हे कुणी चारचौघांत कबूल करत नाही. लहानपणीही तू अशीच दोघांत भांडणं लावायचास आणि मधल्या मधे खेळणं घेऊन पळायचास.

तर तुमच्या प्रचाराच्या फिल्ममध्ये आई हवी, लाँड्रीत काम करताना. आमच्या साहेबांनी म्हणे परवानगी दिली आहे. मी आईला पत्र वाचून दाखवलं. माझी अशी आशा होती की ती उडवून लावेल. तिनं ते दोनदा वाचायला लावलं आणि विचारलं, “पांढरा कोट देतील का गं?”

ये म्हणते आहे ती. म्हणजे तू नाही आलास तरी चालेल, कॅमेरा पाठव.

ताई

३ फेब्रुवारी

भाषणकारांस,

तुमची मंडळी येऊन गेली. तू आला नाहीस ते बरंच झालं. तुझ्या पायातले बूट तिथे टिकले नसते.

तू जन्मात कधी लाँड्रीत पाऊल टाकलं नाहीस, म्हणून सांगते. मधे एक भिंत आहे. धुण्याची यंत्रं त्या भिंतीतच बसवली आहेत. प्रत्येकाला दोन दारं, एक इकडे, एक तिकडे. इकडच्या दारातून मळकं आत जातं, तिकडच्या दारातून धुतलेलं बाहेर पडतं. दोन्ही दारं एका वेळी कधी उघडत नाहीत. इकडे मळकी बाजू, तिकडे धुतली बाजू. मळक्या बाजूला तपकिरी अंगरखे, कोपरापर्यंत हातमोजे, आणि वॉर्डातून येतं ते सगळं: रक्त, ओकारी, काय नाही ते. धुतल्या बाजूला वाफ, इस्त्री, घड्या आणि पांढरे कोट. आई उभी हयात मळक्या बाजूला होती. तिच्या शेजारी, त्याच टेबलाशी, चिमटा मावशी.

चिमटा मावशी आठवते का रे? लांब चिमट्यानं चादरी चाचपून त्यांतून सुया, थर्मामीटर, म्हाताऱ्यांच्या कवळ्या काढणारी. आईला दुसरी पाळी लागली की तू तिच्याच खोलीत झोपायचास. बुटांच्या नाड्या बांधायला तिनं शिकवलं तुला, आणि ‘र’ म्हणायलासुद्धा. त्या ‘र’ वर तुझं आज पोट चालतं.

तुमचा दिग्दर्शक आधी मळक्या बाजूला आला. नाकाला रुमाल लावून एवढंच म्हणाला, “इथे उजेड बरोबर नाही.” दोन्ही बाजूंना एकाच कंपनीच्या ट्यूबलाइट आहेत. मग वरात भिंतीपलीकडे गेली. आईला पांढरा कोट चढवला आणि चादरीची घडी घालायला सांगितलं.

तिला येईना. येणार कशी? धुतलेली चादर तिनं कामावर कधी हातात धरलीच नव्हती. तिकडच्या बायकांनी शिकवलं तिला. दोन टोकं धर, झटक, पोटाशी आण. यंत्राचं दार उघडलं आणि पहिली चादर तिच्या हातात दिली, तेव्हा आई ती तशीच गालाला लावून उभी राहिली. “गरम असते होय गं ही?” म्हणाली. कॅमेरा अजून सुरू व्हायचा होता, त्यामुळे ते तुमच्या फिल्ममध्ये नाही.

नंतर रंगरंगोटीवाली मुलगी आली आणि आईचे हात बघून हिरमुसली. निवृत्त झाल्यापासून आई रोज हातांना मलम चोळते, ते बऱ्यापैकी मऊ झालेत. मुलीनं त्यांच्यावर काहीबाही फासून त्यांना खरखरीत केलं. आई म्हणाली, “आधी यायचं होतं बाई, आयते मिळाले असते.” सगळे हसले. तुमच्या मंडळींना तो विनोद वाटला.

भिंतीत एक काचेची खिडकी आहे. मावशी तिला नाक लावून बघत होती. दिग्दर्शकानं हातानं खूण केली, बाजूला हो, चित्रात येतेस. ती लगेच सरकली. वर हसून हात जोडले.

तर तुझी आई आता धुतल्या बाजूची झाली. आईला मी रात्री म्हटलं, अगं हे खोटं आहे. ती म्हणाली, “खोटं काय त्यात? चादर तर तीच.” तुझी आई आहे, शोभते.

ताई

२६ फेब्रुवारी

भाषणकारांस,

काल तुमच्या सभेला गेले होते. स्वखुशीनं नाही, आईला स्टेजवर चढवायला कुणीतरी हवं होतं. आम्हा लाँड्रीवाल्यांसाठी तुम्ही बस पाठवलीत. तुमच्या पक्षात सगळे समान, पण बसमध्ये मळक्या बाजूच्या बायका मागे जाऊन बसल्या, कुणी न सांगता.

आधी तुमच्या नेत्यांबद्दल. बाह्या दुमडलेला शर्ट, कामकरी माणसाचा. मी स्टेजच्या पायऱ्यांशी, त्यांच्या हातभर अंतरावर होते. ती दुमड शिवलेली आहे रे! आतून बारीक टाके घातलेत, हात कितीही उंचावला तरी बाही खाली येऊ नये म्हणून. टाके मात्र सुबक होते. शिवणाऱ्या बाईला माझा नमस्कार सांग. तुमच्या अख्ख्या पक्षात मन लावून काम करणारी तेवढी एकच दिसली.

मग तुझं भाषण. वडील कारखान्यात राबता राबता गेले, हे ऐकून मी दचकले. बाबा आपल्याला सोडून गेले हे खरं, पण ते दोन पायांनी चालत, गळ्यात टाय बांधून गेले. आज सकाळी त्यांचा फोन आला होता. म्हणाले, “मी गेलो असं तो जाहीर सांगतोय. मला काही पेन्शन वगैरे लागू होते का, विचार.” बापलेकांचा कोडगेपणा अगदी एका साच्यातला आहे.

आणि मग ती भिंत. “माझ्या आईनं आयुष्यभर एक भिंत राखली. इकडचा मळ तिनं तिकडे जाऊ दिला नाही. या देशातही एक भिंत हवी!” टाळ्या. अरे शहाण्या, सगळा मळ त्या भिंतीतूनच पलीकडे जातो, धुऊन. इकडून आत घातलेलीच चादर तिकडून बाहेर येते. दुसरी कुठून आणणार? मळकी बाजू बंद ठेवली तर धुतल्या बाजूला सकाळपासून बसून काय माश्या मारायच्या? एवढं तुला कळत नाही असं मी म्हणणार नाही. तुला कळतं, आणि टाळ्या कुठे पडतात तेही कळतं.

पुढे तू वरच्या साहेबांना झोडपलंस ते ठीक, त्यांचं काही बिघडत नाही. ते त्या वेळी जेवत असतील. पण मग आवाज खाली आणलास आणि म्हणालास, “आणि काही घरं अशी, जिथे लग्न नाही, संसार नाही, दाराबाहेर रात्री परक्या पुरुषाचे बूट, आणि त्यांनाही आपल्या घामातून खोल्या, आपल्या घामातून सवलती!”

बूट. हे तुला कुठून सुचलं ते मला ठाऊक आहे. मावशीच्या दाराबाहेर ॲम्ब्युलन्स चालवणाऱ्या काकांचे बूट असायचे. त्यांची बायको गावी, ती यायची नाही, सोडायचीही नाही. वर्षानुवर्षं ते बूट तिथे होते, आणि त्यांत पाय घालून तू व्हरांडाभर खटखट करत फिरायचास. काका हसून हसून बेजार व्हायचे. तेच बूट तू काल मैदानभर दाखवलेस.

आता खरी गंमत ऐक. सगळ्यात जोरात टाळ्या कुणी वाजवल्या? मावशीनं. डोळ्यांत पाणी, हातात तुमचा झेंडा. परत येताना मी तिला विचारलं, कळलं का, कुणाबद्दल बोलला तो?

“कळलं की. त्या नव्या पोरी आल्यात ना कंत्राटावर, त्यांच्याबद्दल. बरं झालं, चांगलं सुनावलं.”

मी कंत्राटावरच्या पोरीला विचारलं. ती म्हणाली, वॉर्डातल्या आयांबद्दल, त्या कामच करत नाहीत. धुतल्या बाजूची म्हणाली, मळक्या बाजूबद्दल, पण हे हळूच, मागे बघून. प्रत्येकीनं येताना आपापली नालायक बाई सोबत आणली होती. तू फक्त जागा मोकळी सोडलीस. तुला मानलं पाहिजे. आणि आमच्या बायकांची कीव येते असं म्हणणार होते, पण खरं सांगू? कीवही येत नाही. मैदानभर माणसं बसली होती आणि एकालाही वाटलं नाही, की हा माझ्याबद्दल बोलतोय.

मावशी उतरताना म्हणाली, “आपल्या पोराचे उच्चार किती स्वच्छ झालेत गं.”

ताई

१८ एप्रिल

भाषणकारांस,

निवडून आल्याबद्दल अभिनंदन. हॉस्पिटलच्या फाटकावर आईचा फोटो लागलाय, दुमजली उंचीचा, पांढऱ्या कोटात. काल मोठ्या डॉक्टरांच्या बायकोनं गाडी थांबवून आईला नमस्कार केला. आई संध्याकाळभर बोलत होती त्याबद्दल. मी कुत्सित काहीतरी म्हणाले, तर एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, “तुला काय कळणार? तुझ्या अंगाला वास नव्हता कधी. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची, गर्दी असली तरी. आता लोक येऊन बोलतात. बोलू देत की.”

 हे तुला कळवते आहे, कारण तुझ्या सगळ्या नाटकात खरी अशी एवढीच एक गोष्ट मला सापडली. तीही तुझी नाही.

आता कामाचं. तुमच्या नव्या मंडळींनी ठरवलंय की लाँड्रीमागच्या खोल्या यापुढे ‘कुटुंबवत्सल कामगारां’साठी. एकट्या बायकांनी मेअखेर खोली सोडायची. सदाचार समिती चौकशी करून ज्यांचं वर्तन चांगलं ठरवेल, त्यांना राहता येईल. मला धोका नाही; नवऱ्याला सोडून आले असले तरी मी आईबरोबर राहते, आणि आई फाटकावर टांगलेली आहे.

नोटीस मावशीच्या दारावर लागली. मावशी ती काढून, न चुरगळता माझ्याकडे घेऊन आली. चिडलेली नाही, घाबरलेलीही नाही. “पत्ता चुकलाय बघ,” म्हणाली. “हे कुठल्यातरी दुसऱ्या बाईचं असणार. पोराला लिही, तो लगेच दुरुस्त करेल. उगाच त्याच्या माणसांना बोल लागायला नको.”

अजून तुझीच काळजी. तिला दुसरं घर नाही. तिचं सगळं आयुष्य त्या खोलीत गेलंय. मी तिला सांगू शकले असते, की पत्ता चुकलेला नाही, हे तूच टाळ्या वाजवून मागितलं होतंस. जिभेवर आलं होतं. पण म्हणाले नाही.

तुला लिहिणं माझ्या जिवावर येतं, तरी लिहिते. एक फोन कर.

ताई

५ मे

फोन केला नाहीस. समिती येऊन गेली.

तीन बायका होत्या. पुढची चष्मेवाली, गोड बोलणारी. मावशीच्या खोलीत नुसत्या डोकावल्या, आणि मग आमच्याकडे येऊन बसल्या, कारण फाटकावरची आई म्हणजे तुमच्या दृष्टीनं सदाचाराचा शेवटचा शब्द. चहा झाला. आईनं कोट घातला होता. तुम्ही तो परत नेला नाहीत, आणि ती कुणी यायचं असलं की घालते.

चष्मेवालीनं विचारलं, “या शेजारच्या बाई. तुम्ही इतकी वर्षं एकत्र काम केलंत. त्यांच्या वागण्याबद्दल तुम्ही चार चांगले शब्द सांगितलेत, तर आमचं काम सोपं होईल.”

बघ, त्या बाईनं अगदी हातात आणून दिलं होतं. चार शब्द. मी दाराशी उभी होते, मावशी बाहेर व्हरांड्यात. दार उघडं होतं.

आईनं कोटाच्या बाह्या नीट केल्या. म्हणाली, “मला त्यांच्याबद्दल काय माहीत असणार? त्या मळक्या बाजूला होत्या. मी तर धुतल्या बाजूला होते.”

चष्मेवाली म्हणाली, “हो, हो, फिल्ममध्ये पाहिलं आम्ही.” आणि तिघी उठल्या.

मी बाहेर आले तेव्हा मावशी कपबश्या न्यायला आत येत होती. चहा तिनंच केला होता. तिनं कप गोळा केले, विसळले, पालथे घातले. आईकडे बघून विचारलं, “साखर कमी झाली होती का गं?” आई म्हणाली, “नाही, बरोबर होती.”

माझ्या रागाची मला सवय आहे, पण तो आईवर कधी काढला नव्हता. त्या दिवशी काढला. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पण तिचा मला राग येतो त्याहून शंभरपट तुझा येतो. आयुष्यभर जिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, तिला तू एकदा सिंहासनावर बसवलंस आणि त्याची किंमत म्हणून तिची एकुलती एक मैत्रीण मागून घेतलीस.

मावशी म्हणते, समितीला तिचा चेहरा आवडला नसेल.

ताई

१९ मे

तुझा फोन आला, म्हणून पुन्हा लिहिते. फोनवर तू ‘ताई’ म्हणालास. ती गोष्ट मी बाजूला ठेवते.

तू सांगितलंस तसं केलं. म्हणजे, तुझा प्रस्ताव मावशीपुढे मांडला. खोली राहील, मात्र तिनं कॅमेऱ्यापुढे उभं राहून सांगायचं, की मी वाट चुकले होते, पक्षानं मला सरळ मार्गावर आणलं. तुमच्याकडे कष्टकरी आई झाली, आता सुधारलेली बाई हवी. मजकूरही लगेच पाठवलास. त्या तत्परतेनं माझ्या अंगावर काटा आला.

मावशी हरखली. “एवढंच? म्हणते की. बोलायला काय जातं?” मी एकेक ओळ वाचायची, तिनं मागून म्हणायची. ‘मी आळशी होते.’ म्हणाली, आणि स्वतःच फिसकन हसली. ‘मी इतरांच्या कष्टांवर जगले.’ म्हणाली. ‘मला समाजाची लाज वाटली नाही.’ तेही म्हणाली, वर विचारलं, “आवाज ऐकू जाईल ना एवढा?” आळशी, ऐतखाऊ, निर्लज्ज, सगळं तिनं कौतुकानं पाठ केलं. तू लिहिलेलं म्हणून.

मग ती ओळ आली. ‘एका परक्या पुरुषाच्या नादी लागून मी आयुष्याची माती केली.’

 मी पुन्हा वाचलं. तिनं विचारलं, “हे पण त्यानंच लिहिलंय?”

मी हो म्हटलं.

“त्याला ठाऊक नाही का गं? तो परका कुठे होता?”

 मी म्हटलं, मावशी, नुसते शब्द आहेत, बाकीचे म्हणालीस तसेच. ती म्हणाली, “बाकीचे माझ्याबद्दल होते. मला चालतं. तो गेलाय, त्याला आता उत्तर देता येत नाही. पाळी संपवून यायचा. माझी फरशी खराब होऊ नये म्हणून बूट बाहेर काढायचा. तेवढं सोडून सगळं म्हणते. पोराला सांग, तेवढी एक ओळ काढ. तो काढेल.”

मी तुझ्या कचेरीत फोन केला. कुणीतरी तरुण मुलगी म्हणाली, मजकूर वरून मंजूर झालाय, बदल होणार नाही.

भाऊ म्हणून तुझ्याकडे मी गेली कित्येक वर्षं काही मागितलेलं नाही. टोमणे, कुत्सितपणा, सगळं या पत्रापुरतं गुंडाळून ठेवते. पाया पडते म्हण हवं तर. ती बाई स्वतःला वाटेल त्या शिव्या द्यायला तयार आहे, अजून हव्या असतील तर अजून देईल. एक ओळ काढ.

तुझी ताई

१२ जून

तुझं उत्तर मिळालं. ‘तीच ओळ तर गाभा आहे, ताई, बाकीचं कुणीही म्हणेल.’ खरं आहे. तुझ्या धंद्यातलं तुला कळतं.

मावशी गेली. दूरच्या भाचीकडे, स्वयंपाकघरात झोपते असं कळलं. मी म्हटलं होतं, आमच्याकडे राहा, समिती आली तर बघून घेऊ. ती म्हणाली, “नको, तुझ्या आईला त्रास व्हायचा. तिचं नाव झालंय आता.” जाताना तुझ्याबद्दल वाईट बोलली नाही. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. ती निदान एक शिवी देऊन गेली असती तर मला जेवण गेलं असतं.

तिच्या खोलीत आता एक कुटुंबवत्सल जोडपं आलंय. रोज भांडतात.

तुला पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण आईमुळे लिहावं लागतंय.

दोन महिन्यांपूर्वी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तुला कळवलं नव्हतं. संध्याकाळी डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचे असतात. ते मावशी घालायची. समितीच्या दिवशीसुद्धा आली होती घालायला.  आता मी घालते. माझा हात जड आहे, निम्मे गालावर ओघळतात.

परवा असेच ओघळले. आई मान मागे टाकून, डोळे उघडे ठेवून बसली होती. म्हणाली, “तुला नाही जमत. तिला हाक मार.”

मी म्हटलं, ती गेली, आई.

“ते माहितेय मला. बोलाव परत.”

मी म्हटलं, खोली काढून घेतली तिची. कशी येणार?

“कुणी काढून घेतली?”

मी तिच्या गालावरचे थेंब पुसले. तिलाही माझ्याकडून उत्तर नको होतं बहुधा. तशीच वर बघत म्हणाली, “माझा मुलगा आहे ना तिथे, वर. त्याला कळव. असला अन्याय तो खपवून घ्यायचा नाही. आईनं सांगितलंय म्हणून लिही.”

म्हणून लिहिलं. आईनं सांगितलंय. मी कामावरून आले की ती रोज विचारते, उत्तर आलं का. तिला काय सांगू ते कळव. भाषण नको, दोन ओळी पुरे.

ताई